डाव्या बाजूची कमान

१

आमच्या घरात सकाळचे दोन आवाज ठरलेले होते. एक ताईच्या रेडिओचा आणि दुसरा माझ्या तारेच्या ब्रशचा. साडेआठला चहा व्हायचा, पावणेनऊला मी गॅरेजमध्ये शिरायचो, आणि नऊच्या ठोक्याला स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक यायची, "बारक्या, ते खरवडणं थांबव जरा, बातम्या ऐकू देत!"

मी एकसष्ट वर्षांचा आहे. पण ताई आठ वर्षांनी मोठी, त्यामुळे या घरात माझी बढती व्हायची शक्यता नाही. मी पुलांच्या खात्यात ड्राफ्ट्समन होतो. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, चौतीस वर्षं. लग्न दोघांनीही केलं नाही. तिला वेळ झाला नाही आणि मला धीर झाला नाही. आता दोघंही निवृत्त आणि सांगायला हरकत नाही, बऱ्यापैकी सुखात आहोत.

सुखाला एकच गालबोट होतं. दोन वर्षांपूर्वी ताईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. गुडघे बरे झाले, पण ती घराबाहेर पडेना. आधी "आज दुखतंय" म्हणायची, मग "आज ऊन फार आहे", आणि पुढेपुढे तर तिने कारण द्यायचंही सोडून दिलं. अंगण झाडत फाटकापर्यंत जायची, कडीला हात लावायची आणि तशीच मागे फिरायची. मी खूप मागे लागलो तेव्हा एकदा वैतागून म्हणाली, "तुझी ती गाडी ज्या दिवशी रस्त्यावर धावेल ना, त्या दिवशी येईन मी फाटकाबाहेर. तोवर विचारायचं नाही."

ती गाडी म्हणजे दोन सीटची, कापडी टपाची जुनी स्पोर्ट्स कार. एका बंद पडलेल्या छापखान्याच्या शेडमध्ये ती बावीस वर्षं उभी होती. रंग मूळचा हिरवा असावा. मी ती घरी आणली तेव्हा तिच्या बॉनेटमध्ये उंदरांची चौथी पिढी नांदत होती. ताईने शब्द दिला तो गाडी कधीच धावणार नाही या खात्रीने. मी मात्र तो शब्द पक्का धरून बसलो.

तीन वर्षांत इंजिन झालं, ब्रेक झाले, वायरिंग झालं. शेवटी राहिल्या मागच्या कमानी. तुम्ही ट्रकच्या चाकाशी एकावर एक रचलेले वाकडे लोखंडी पाटे पाहिले असतील, तशाच, फक्त लहान. प्रत्येक बाजूला एक कमान, प्रत्येक कमानीत सात पाटे. मधून एक बोल्ट आरपार. गाडीचं आणि माणसांचं वजन त्यांच्यावर तोललेलं असतं. त्या उतरवायच्या, पाटे सुटे करायचे, गंज काढायचा, रंगवायचे आणि परत चढवायच्या. पंधरा दिवसांचं काम, असा माझा हिशोब होता.

२

उजवी कमान आधी घेतली. बाकावर ठेवून दोन्ही बाजूंना शिकंजे आवळले, कारण मधला बोल्ट निघाला की पाटे उसळतात. हाताची बोटं जायची. बोल्ट काढला, शिकंजे हळूहळू ढिले केले, आणि पाटे करकरत एकमेकांपासून फाकले. दोन पाट्यांच्या मध्ये गंजाचा पापुद्रा होता, जुन्या भिंतीच्या चुन्यासारखा. बावीस वर्षं न हललेल्या लोखंडात जे असायला हवं तेच.

मग डावी. तसेच शिकंजे, तसाच बोल्ट. शिकंजे ढिले केले आणि हात मागे घेऊन थांबलो.

काहीच झालं नाही.

पाटे एकमेकांना घट्ट चिकटलेले. गंजाने जाम झाले असतील म्हणून मी स्क्रूड्रायव्हर घालून कडेचा पाटा उचलून बघितला. तो जेमतेम कागद जाईल इतका उचलला गेला आणि सोडल्याबरोबर टप्प करून परत बसला. तेवढ्या फटीतून मला आतलं लोखंड दिसलं. तिथे गंजाचा कणही नव्हता. लोखंड लखलखत होतं. रोज चालणाऱ्या गाडीचे पाटे जसे एकमेकांवर घासून चकचकीत होतात, तसं.

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. ज्या गाडीची चाकं जमिनीला चिकटून रबराचा चिखल झाला होता, तिच्या एकाच बाजूची कमान इतकी वर्षं काम करत होती, असं ते लोखंड सांगत होतं.

"डाव्या बाजूला तेल गळत असेल," मी मोठ्याने म्हणालो. रिकाम्या गॅरेजमध्ये बोलायची मला सवय आहे. तेल गळून गंज धरला नाही, पाटे तेलाने चिकटले, झालं समाधान. तेलाचा डाग मात्र कुठे दिसेना. पण समाधान एकदा झालं की माणूस डाग शोधत बसत नाही.

३

कमानींचा बाक पुन्हा नीट करून घ्यायला मी दोन्ही गावातल्या एका मिस्त्रींकडे नेल्या. मिस्त्री सत्तरीचे. आयुष्यभर ट्रकच्या कमानी ठोकलेला माणूस. दुकानात भट्टी, ऐरण, आणि भिंतीला टेकवून ठेवलेले शेकडो पाटे. मला ते "साहेब" म्हणायचे, पण माझ्या कामाकडे बघून मान हलवायचे ती शाळेतल्या पोराकडे बघावी तशी.

मी दोन्ही कमानी बोल्ट लावून, जुळवून नेल्या होत्या. त्यांनी उजवी घेतली, टोकांखाली दोन लाकडी ठोकळे दिले, तळव्याने दाबली, सोडली.

"हिला बाक द्यावा लागेल. थोडी बसलीय. परवा घेऊन जा."

मग डावी त्याच ठोकळ्यांवर ठेवली. तळवा टेकवला. दाबला. पुन्हा दाबला. कमान हलेना. त्यांनी वाकून बाजूने पाहिलं. कमान जवळजवळ सपाट होती.

"ही फारच थकलेली दिसते," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही हातांनी कमान उचलली. उचलल्याबरोबर ती त्यांच्या हातात वाकली, नव्या कमानीसारखी छान, गोल. ठोकळ्यांवर ठेवली. क्षणभर तशीच राहिली, आणि मग कर्र आवाज करत सावकाश खाली दबली. खुर्चीत कुणी टेकावं तशी.

त्यांनी ती परत उचलली. परत गोल झाली. ठेवली. एक क्षण. कर्र.

तिसऱ्यांदा त्यांनी उचलली ती थेट माझ्या हातात दिली.

"साहेब, ही थकलेली नाही. हिच्यावर वजन आहे."

"कसलं वजन?"

"ते मी कसं सांगू? मी लोखंडाचं काम करतो." त्यांनी हात फडक्याला पुसले, एकदा, दोनदा, गरज नसताना. "हिला मी भट्टीत घालणार नाही. लोखंडात खोट नाही, मग तापवायचं कशाला?"

परतताना टेम्पोत मी स्वतःशी बरंच काही जुळवलं. ठोकळे लहानमोठे असतील, जमीन उतरती असेल, म्हाताऱ्याची नजर गेली असेल. पुलांच्या खात्यात आम्ही अशाच गोष्टी जुळवून अहवाल लिहायचो.

४

पुढचे दहा दिवस माझ्या निवृत्तीतले सगळ्यात चांगले दिवस होते. खोटं कशाला बोलू.

चौदाच्या चौदा पाटे सुटे केले. डावे पाटे बाकावरून उचलून हातात घेतले की निमूट सुटे व्हायचे, फक्त खाली टेकवायचे नाहीत हे मी शिकलो. तारेच्या ब्रशने घासले, मग पॉलिश पेपर, आधी भरड, मग बारीक. कडांवरची धार मोडली. रॉकेलने पुसले, प्रायमर मारला, आणि गॅरेजमध्ये आडवी दोरी बांधून एकेक पाटा तारेने टांगला. वाळल्यावर काळा रंग, दोन हात. आतल्या बाजूंना ग्रॅफाइट, म्हणजे घासताना कुरकुर नको.

ताई दारात येऊन उभी राहिली. "हे काय, वटवाघळं पाळलीस का?"

"हात लावू नकोस, ओला रंग आहे."

"मला काय पडलंय हात लावायचं." आणि जाता जाता बोट लावून बघितलंच.

तीही कामाला लागली होती. सीटची नवी कातडी गवसणी ती आपल्या खोलीत बसून शिवत होती. गाडीशी आपलं देणंघेणं नाही असं तोंडाने म्हणत, आणि दुहेरी टीप घालत.

टांगलेले पाटे मी जुन्या सवयीने मोठ्या कागदावर आखून पाहिले. डावा आणि उजवा, एकावर एक ठेवून. दोन्ही रेघा तंतोतंत जुळल्या. लोखंडात खरंच खोट नव्हती.

मग कमानी जुळवल्या, चढवल्या, जॅक काढला आणि गाडी चाकांवर उतरवली. स्टीलची पट्टी घेऊन चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानदार पत्र्यापर्यंतचं अंतर मोजलं. उजवीकडून डावीकडे गेलो.

डावी बाजू एकोणीस मिलिमीटर खाली होती.

चाकांची हवा तपासली. जमीन पाणसळीने बघितली. चॅसीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी लावली, ती सरळ. शेवटी मी अंगणातली वाळू पिशव्यांत भरली, वजनकाट्यावर एकेक तोलली, आणि उजव्या सीटवर रचत गेलो, दोन्ही बाजू सारख्या होईपर्यंत.

चौसष्ट किलो लागले.

बराच वेळ मी पट्टी हातात घेऊन उभा होतो. डावी सीट रिकामी होती. ताईने शिवलेली नवी कातडी, एक सुरकुती नाही. पण गाडीच्या लेखी तिथे चौसष्ट किलो होते.

५

शंका घ्यायची तर पद्धतशीर घ्यावी. दोष कमानीचा की बाजूचा, हे कळायला एकच उपाय होता. मी डावी कमान उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली. दिवसभराचं काम. संध्याकाळी पाचला गाडी उतरवली, मोजलं.

आता उजवी बाजू एकोणीस मिलिमीटर खाली होती.

म्हणजे कमानीचाच प्रश्न. मला जरा हायसं वाटलं. चाकं कुठे आहेत त्याच्या मी जमिनीवर खडूने खुणा केल्या, म्हणजे सकाळी पुन्हा मोजायला सोपं. हँडब्रेक ओढला, कुलूप लावलं, आणि मोरीवर हात धुताना माझ्या लक्षात आलं की उजवी बाजू ही चालवणाऱ्याची असते.

हातावर साबण तसाच राहिला. मग मला हसू आलं. एकसष्टीचा घोडा आणि काय काय विचार करतो.

सकाळी कुलूप उघडलं. गाडीची पुढची चाकं खडूच्या खुणांपासून वीतभर पुढे होती. हँडब्रेक ओढलेलाच होता. बॅटरी बसवलेली नव्हती, ती कोपऱ्यात चार्जिंगला होती. आणि स्टिअरिंग, जे मी सरळ सोडलं होतं, ते डावीकडे वळलेलं होतं. गॅरेजच्या दारातून बाहेर पडून फाटकाकडे जायचं तर जितकं वळवावं लागतं, बरोबर तितकंच.

त्या दिवशी मी ब्रेकची तार ढिली असल्याचं स्वतःला पटवलं. पण चहाला घरात गेलो नाही. ताई चार हाका मारून दमली, तरी मी कमानी परत जागच्या जागी बदलूनच उठलो.

६

शेवटी मी डावी कमान नवीच करायला सांगितली; मिस्त्रींनी ती आठ दिवसांत करून दिली. मी जुनीही सोबत नेली होती, तिथेच टाकून यावी म्हणून.

"ही इथेच ठेवू का भंगारात?"

"नको," ते म्हणाले. "ज्याची त्याने घेऊन जावी." आणि पाठ फिरवून भट्टीकडे गेले. मी काय ते समजलो.

नवी कमान बसवली. दोन्ही बाजू समान, केसभराचा फरक नाही. जुनी मी पोत्यात गुंडाळून गॅरेजच्या माळ्यावर उभी करून ठेवली. आडवी ठेवायचा धीर झाला नाही. त्या दिवशी मी शीळ घालत घरात शिरलो. ताईला म्हणालो, "रविवारी तयार राहा."

तिने रेडिओचा आवाज वाढवला. मग म्हणाली, "बघू. गुडघा जरा दुखतोय."

गुरुवारची दुपार होती. तीन वाजले असतील. ताई जेवून तिच्या खोलीत पडली होती. तिची खाट जुनी, लोखंडी, खाली स्प्रिंगांची जाळी असलेली. मी चहाचं विचारायला गेलो आणि दारातच थांबलो.

ताई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पायावर पातळ चादर. खोलीत छान उजेड होता, पडदा वाऱ्याने हलत होता. आणि तिच्या पावलांपाशी गादी खोल दबलेली होती. खालची जाळीही तिथे पोटासारखी खाली आलेली मला स्पष्ट दिसत होती. तिथे कुणीही नव्हतं.

ताईने डोळे न उघडता पाय जरा हलवला.

"बारक्या," झोपेतल्या आवाजात ती म्हणाली, "बसलाच आहेस तर पाय तरी दाब."

मी दारात होतो, तिच्यापासून सहा पावलांवर.

चादर तिच्या पावलावर हळूच खाली गेली. एका जागी, मग जरा वर घोट्याकडे, मग परत तळव्यापाशी. दाबल्यासारखी. सावकाश, बेतानं, दुखऱ्या माणसाला दाबावं तशी.

"हं," ताई म्हणाली. "तिथेच."

मी खोकलो की दार वाजवलं, आता आठवत नाही. ताईने डोळे उघडले. तिने आधी मला पाहिलं, दारात उभा असलेला. मग मान उचलून आपल्या पायांकडे पाहिलं. गादी कर्र करत वर आली आणि सपाट झाली.

मग ती उठून बसली, केस सारखे केले.

"चहा ठेव," ती म्हणाली.

७

मी चहा ठेवला, आणि तो उकळत असतानाच गॅरेजमध्ये जाऊन माळ्यावरची कमान खाली काढली. डोक्यात एवढंच होतं: त्याला बसायला काहीतरी लागतं. त्याची जागा आपण काढून घेतली म्हणून ते घरात आलं. जागा परत दिली की घरातून जाईल. याला विचार म्हणत नाहीत हे मला कळत होतं. तेहेतीस वर्षं मी पुलांवर येणाऱ्या भाराची गणितं मांडली, आणि आता न दिसणाऱ्या भारासाठी कमानीचे यू-बोल्ट आवळत होतो.

गाडी खाली उतरवली तेव्हा दिवेलागण झाली होती. क्षणभर काही नाही. मग डावी बाजू सावकाश बसली. कर्र. मोजायची गरज नव्हती.

जीव भांड्यात पडला, हे कबूल करायला लाज वाटते, पण पडला.

"किती दिवस झाले?" मागून आवाज आला. ताई दारात उभी होती, हातात माझा चहा घेऊन. दुपारचा उकळून आटला होता; हा तिने नवा केला होता.

"कशाला किती दिवस?"

"मला शिकवू नकोस, बारक्या. चौतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसले मी. रिकामी लाइन आणि गप्प लाइन यातला फरक मला कळतो. पलीकडे कुणी नुसता श्वास घेत असला तरी कळतो. मी इथे सीटचं माप घ्यायला आले होते ना, तेव्हाच वाटलं. लाइनवर कुणीतरी आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललास?"

मी तिला सगळं सांगितलं. मिस्त्री, चौसष्ट किलो, वळलेलं स्टिअरिंग. ती ऐकत होती आणि डाव्या सीटकडे बघत होती, पाहुण्याकडे बघावं तशी, टक लावून नाही.

"गाडी विकून टाकू," मी म्हणालो. "कमानीसकट. उद्याच. तुला काही झालं असतं तर?"

"काय झालं? पाय दाबले. तुझ्यापेक्षा बरे दाबले."

"ताई, थट्टा नको."

"थट्टा नाही करत." तिने चहा बाकावर ठेवला. "मला घाबरायला झालं. पण विचार कर, कुणी इतकी वर्षं गाडीत बसून राहतं ते कशासाठी? कुठेतरी जायचं असतं म्हणूनच ना? आणि गाडी काही हलत नाही." तिने पदराने डाव्या दाराची मूठ पुसली. "रविवार कशाला? उद्या निघू. सकाळी. ऊन चढायच्या आत."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. दोन वर्षांत ती पहिल्यांदा स्वतःहून बाहेर जायचं म्हणत होती. नाही म्हणावं, तर पुन्हा कधी म्हणेल याची खात्री नव्हती. हो म्हणावं, तर तिला मी कुणाच्या मांडीवर बसवायला निघालो होतो?

"गुडघा दुखतोय ना?" मी विचारलं.

"आज नाही दुखत," ती म्हणाली.

८

सकाळी नऊला ती तयार होती. डोक्याला निळा स्कार्फ, पायात कपाटातून काढलेले बूट. मी टप मागे दुमडून ठेवला होता; स्वच्छ हवा होती आणि झाकलेल्या गाडीत बसायची कल्पना मला सोसवेना.

तिने डावं दार उघडलं, आणि सीटकडे वाकून अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "जरा सरकता का?"

मग बसली.

मी सवयीने चाकावरच्या पत्र्याकडे पाहिलं. अठ्ठावन्न किलोची बाई गाडीत बसली आणि गाडीची ती बाजू खाली जायच्या ऐवजी वर आली. थोडी हलली, आणि कुणी मागे सरकून बसावं तशी गाडीची मागची बाजू दोन्हीकडे खाली टेकून स्थिरावली. मी पट्टी काढली नाही. गाडीचा तोल नुसत्या नजरेने कळायला मी इतकी वर्षं घालवली होती.

मी आत बसलो. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. फाटक मी आधीच उघडून ठेवलं होतं, पण तिथे पोहोचल्यावर ताईने हात वर केला आणि मी थांबलो. ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती. एक सायकलवाला गेला, एक बाई कुत्र्याला घेऊन गेली.

"चल," ती म्हणाली.

आम्ही निघालो. काय सांगू! बेकरीचा वास, शाळेची घंटा, उतारावरचं वळण. घासूनपुसून चढवलेल्या कमानी रस्ता असा झेलत होत्या की खड्डा आल्याचं कळायचं आणि लागायचं नाही. ताई आधी दाराची कड धरून बसली होती. बाजारपेठेपाशी तिने ती सोडली. पोस्टाजवळ तिने कुणाला तरी हात केला. "अगं बाई, हा दुकानदार किती म्हातारा झाला!" असं ती म्हणाली, आणि मोठ्याने हसली. मी तिचं तसं हसू केव्हा ऐकलं होतं तेच आठवेना. मी इतका सुखात होतो की मागे कोण आहे हे काही काळ खरंच विसरलो.

गावाबाहेर कालव्याच्या अलीकडे गोदामांची एक लांबच लांब भिंत आहे. पांढरी, नुकती रंगवलेली, अर्धा मैल तरी असेल. ऊन उजवीकडून तिरपं येत होतं. भिंत सुरू झाली तशी आमची सावली तिच्यावर उमटली आणि आमच्याबरोबर धावू लागली. बुटकी गाडी, दोन चाकं, माझं डोकं, शेजारी ताईचं स्कार्फ बांधलेलं डोकं.

आणि आमच्या मागे, दुमडलेल्या टपाच्या गाठोड्यावर बसलेलं तिसरं कुणी. पुढे वाकून, गुडघे जवळ घेऊन. लांब जायला निघालेली माणसं जशी पुढे बघत बसतात, तसं.

मी मान वळवली नाही. आरशातही पाहिलं नाही. भिंतीकडे बघत राहिलो आणि मध्येच रस्त्याकडे.

वाऱ्याने ताईच्या स्कार्फची गाठ सुटली. सावलीत त्याचं टोक वर उडालेलं दिसलं, आता जाणार. तेवढ्यात मागच्या सावलीतून एक हात निघाला आणि त्याने ते टोक धरलं. जपून, दोन बोटांत. मग सावकाश खाली आणून ताईच्या खांद्यावर ठेवलं, आणि हात तिथेच राहिला.

ताईने खांद्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे पाहिलं. तिलाही दिसत असणार. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती हलली नाही, आणि तिने तो हात झटकला नाही.

"बारक्या," जरा वेळाने ती म्हणाली. "हळू चालव. मागे धरायला काही नाही."

मी पाय सैल केला. काटा चाळीसवर आला, मग तीसवर. भिंत अजून पुष्कळ उरली होती.